कोंबड्यांच्या खोलीतली धूळ: प्युरिफायर नंतर, आधी दांडीखालची फळी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काही चुकीचं धरलं असेल तर ध्यानात येईल. कोल्हापुरात राजारामपुरीत घर आहे. वरच्या मजल्यावर जिन्याला लागून १० बाय १२ फुटांची खोली आहे. बोका आणि मुंगसाच्या भीतीनं ९ कोंबड्या रात्रंदिवस त्याच खोलीत असतात. तिथंच एका पिंजऱ्यात कॉकाटीलची जोडी आहे आणि दुसऱ्यात ६ बजी, ज्यांना आपल्याकडे सरसकट लव्हबर्ड म्हणतात. दिवसातून दोनदा झाडूनही हॉलमधल्या टीव्हीवर पांढरट थर बसतो, आईंना सकाळी खोकला येतो. एअर प्युरिफायर आणून कोंबड्यांच्या खोलीत लावला, तर पंधरा दिवसांत त्याचा फिल्टर तुंबला. आता तुम्ही विचारताय की याहून मोठा प्युरिफायर कुठला घ्यावा, आणि खाली अंथरलेल्या भाताच्या तुसावर रोज पाणी मारलं तर धूळ बसेल का.

मोठा प्युरिफायर आत्ता घेऊ नका, आणि तुसावर रोज पाणी तर मुळीच मारू नका. यंत्र लहान पडलंय ही तुमची अडचण नाही. विष्ठा पडते, ती तिथंच वाळते, कोंबड्यांच्या पायांनी आणि तुमच्या झाडूनं तिचा भुगा उडतो, आणि मग तो दारातून हॉलमध्ये जातो. प्युरिफायर या साखळीच्या शेवटच्या कडीला उभा आहे. आधीच्या कड्या तशाच ठेवल्या तर दुप्पट किमतीचं यंत्रही महिन्याभरात तुंबेल.

पण त्याआधी आईंचं बघा. सकाळचा खोकला साधा असू शकतो, दमाही असू शकतो. मात्र पक्ष्यांच्या पिसांतली आणि विष्ठेतली प्रथिनं श्वासातून रोज आत जात राहिली की काही माणसांच्या फुफ्फुसांना त्यांची ॲलर्जी होऊन सूज येते. डॉक्टर याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. २०२५ मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून वाद पेटला, तेव्हा बऱ्याच लोकांनी या आजाराचं नाव पहिल्यांदा ऐकलं. त्याचं तीव्र रूप ओळखता येतं: पक्ष्यांच्या खोलीत वावरल्यावर ४ ते ८ तासांनी ताप, थंडी, कोरडा खोकला आणि धाप, आणि चार दिवस गावाला गेलं की आपोआप बरं वाटणं. दुसरं रूप जास्त घातक असतं. त्यात ताप येत नाही. दम महिनोन्‌महिने थोडा थोडा कमी होत जातो, जिना चढताना मध्ये थांबावं लागतं, वजन उतरतं, आणि घरचे म्हणतात, वय झालं. उशिरा कळलं तर फुफ्फुसावर पडलेले वण भरून येत नाहीत.

म्हणून आईंना छातीच्या डॉक्टरांकडे न्या. सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी रुग्णालयात न्या किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, पण घरात कुठले पक्षी, किती आणि किती दिवसांपासून आहेत हे आपणहून सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. कॉकाटील आणि बजींकडून सिटॅकोसिस नावाचा जंतुसंसर्गही माणसाला होऊ शकतो. त्याला ठरावीक गटातलीच औषधं लागू पडतात, आणि पक्ष्यांचा उल्लेख झाल्याशिवाय कुणाला तो सहसा सुचत नाही. ॲलर्जीच्या आजाराचं निदान झालं तर पुढे लिहिलेले उपाय आईंसाठी अपुरे आहेत. मग पक्षी घरातून हलवावेच लागतात, आणि ते गेल्यावरही घर पुसून-धुऊन घ्यावं लागतं, कारण ती प्रथिनं धुळीत महिनोन्‌महिने टिकतात. मास्क बांधून तिथं वावरणं हा त्यावरचा इलाज नाही. तपासणी होईपर्यंत आईंनी त्या खोलीत जाऊ नये. खोलीत घातलेले कपडेही त्यांच्याकडे धुवायला देऊ नका.

आता धुळीचा हिशेब. एक मोठी कोंबडी दिवसाला साधारण १२० ग्रॅम ओली विष्ठा टाकते. त्यात तीन चतुर्थांश पाणी असतं. ९ कोंबड्यांची रोजची एक किलोच्या आसपास झाली. ती उचलली नाही तर वाळून पाव किलोहून थोडा जास्त कोरडा माल उरतो, म्हणजे महिन्याला सुमारे ८ किलो. हा सगळा हवेत जात नाही, पण पायाखाली तुडवून त्याचा भुगा होत राहतो. त्यात कातडीचा कोंडा, नव्या पिसांवरचं झडलेलं आवरण, खाद्याचं पीठ आणि तुसातला बारीक भुसा मिसळतो. कॉकाटील दोनच असले तरी त्यांचा वाटा वेगळा धरा. कबुतरांसारखीच त्यांच्याही अंगावर काही खास पिसं असतात. ती सतत वाढतात आणि टोकाला त्यांची पूड होत राहते. टीव्हीवरचा थर बोटावर घेऊन चोळून बघा. टाल्कम पावडरसारखा गुळगुळीत आणि पांढरा असेल तर त्यात कॉकाटीलचा भाग मोठा आहे. करडा-तपकिरी आणि खरखरीत असेल तर तो कोंबड्यांकडचा.

दोनदा झाडूनही फरक पडत नाही, याचं कारण कणांच्या आकारात आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. स्थिर हवेत १० मायक्रॉनचा कण माणसाच्या उंचीवरून खाली बसायला दहा मिनिटांच्या आसपास घेतो. १ मायक्रॉनचा कण पंधरा-सोळा तास तरंगत राहतो. कोरडी केरसुणी मोठा कचरा गोळा करते आणि नेमका हा बारीक माल पुन्हा हवेत पाठवते. सकाळी झाडल्यावर उडालेला बारीक कण संध्याकाळच्या झाडण्यापर्यंत खाली बसलेलाच नसतो. वर छताचा पंखा चालू असेल तर विचारायलाच नको. आजपासून त्या खोलीत कोरडं झाडणं आणि छताचा पंखा दोन्ही बंद करा.

यापुढचं काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. खोलीला बाहेरच्या भिंतीत खिडकी किंवा झरोका आहे का, तो कुठल्या दिशेला आहे, शेजाऱ्यांची खिडकी किती जवळ आहे आणि वर गच्ची मोकळी आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मी एक झरोका आणि एक खिडकी आहे असं धरतो. बाहेरच्या हवेला वाटच नसेल तर ती खोली कोंबड्यांसाठी योग्य नाही, आणि तसं असेल तर थेट शेवटचा भाग वाचा.

सगळ्यात जास्त फरक पडतो दांडीखालच्या फळीनं. कोंबड्या रात्री आडव्या दांडीवर एकाच जागी बसतात आणि दिवसभराच्या विष्ठेपैकी निम्म्याच्या आसपास तिथंच टाकतात. म्हणजे निम्मा माल कुठं पडणार हे आधीच ठाऊक असतं. ९ कोंबड्यांना साडेसहा ते सात फुटांची दांडी लागते. २ बाय २ इंचाचं लाकूड घ्या आणि वरच्या कडा रंध्यानं गोल करून घ्या. ती जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर बसवा. तिच्याखाली ५-६ इंचांवर दोन फूट रुंद फळी अशी टाका की दांडी फळीच्या मधोमध येईल. फळीला वरून सनमायका लावून घ्या, नुसत्या प्लायवर विष्ठा मुरते आणि खरवडताना धूळ होते. तीन बाजूंना एक इंचाची कड ठेवा आणि समोरची बाजू मोकळी सोडा.

फळीवर वर्तमानपत्र अंथरा आणि रोज सकाळी, माल ओला असतानाच, कागद गुंडाळून झाकणाच्या बादलीत टाका. चिकटलेलं पुट्टी मारायच्या पत्र्यानं खरवडा आणि ओल्या फडक्यानं पुसा. दहा मिनिटांचं काम आहे, पण वेळ पाळा. मार्च-एप्रिलमध्ये दुपारपर्यंत वरची साल वाळते, मग तेच काम धूळ उडवणारं होतं. बरेच जण फळी बसवतात आणि रविवारी साफ करतात. त्यानं विष्ठा एका जागी गोळा होते, धूळ मात्र कमी होत नाही.

आता तूस. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीकडच्या भातामुळे आपल्याकडे गिरणीतलं तूस सहज मिळतं, आणि अंथरायला ते चांगलंच आहे. पण गिरणीतून जसंच्या तसं आणलेल्या तुसात कोंड्याचं बारीक पीठ असतं. लाकडी चौकटीला डासांची जाळी ठोकून एक चाळण करा. गच्चीवर वाऱ्याकडे पाठ करून, एन-९५ मास्क लावून तूस चाळा. जाळीतून खाली पडलेलं पीठ एरवी पहिल्या दिवसापासून तुमच्या हवेत गेलं असतं. कोंबड्यांसाठी खोलीतला ६० चौरस फुटांचा भाग दीड फुटी फळ्या लावून वेगळा करा. त्यावर तीन इंच थर द्यायला ४०-४५ किलो, म्हणजे साधारण चार मोठी पोती तूस लागेल. एका कोंबडीला साडेसहा चौरस फूट जागा मिळते, तेवढी पुरे आहे. संख्या मात्र वाढवू नका. जागा तीच ठेवून कोंबड्या १५ केल्या तर थर लवकर तुडवला जातो आणि खालून कधी चिखल, कधी पीठ होतं.

तूस नको असेल तर सुताराच्या रंध्याच्या कुरळ्या ढलप्या उत्तम. करवतीचा बारीक भुसा नको, तो स्वतःच धूळ आहे. प्लाय किंवा एमडीएफ कापलेला भुसा तर अजिबात नको. भुईमुगाची टरफलं कोरडी असतील तोवर चालतात, ओल लागली की त्यांना बुरशी धरते. पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, लांब असते, तिची गादी बनते आणि खाली ओल कोंडते. गुऱ्हाळावरची चिपाडं किंवा कारखान्याचा बगॅस आपल्याकडे फुकटात मिळतो म्हणून मोह होतो. तो बंद खोलीत वापरू नका. त्यात साखरेचा अंश राहतो आणि ओल मिळाली की बुरशी व इतर सूक्ष्मजीव भराभर वाढतात. साठवलेल्या बगॅसच्या धुळीनं होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराला बगॅसोसिस असं वेगळं नावच आहे, आणि तो वर सांगितलेल्या आजाराचाच भाऊ आहे.

आता तुमचा पाण्याचा प्रश्न. अंथरुणात ओल २० ते २५ टक्क्यांच्या दरम्यान असावी. याच्या बरीच खाली गेली की धूळ वाढते, ३० च्या वर गेली की गठ्ठे, बुरशी आणि अमोनिया. मोजायला यंत्र लागत नाही. वरचा एक इंच थर बाजूला सारून आतलं मूठभर तूस घट्ट दाबा आणि मूठ उघडा. लाडू वळल्यासारखा गोळा राहिला तर ओल जास्त आहे. हातातून कोरड्या वाळूसारखं सरकलं आणि तळव्यावर पीठ राहिलं तर ओल कमी आहे. किंचित चिकटून लगेच सुटलं तर बरोबर. मूठ कोरडी निघाली तरच पाणी द्यायचं, तेही बादलीनं नाही. हातपंपाच्या बारीक फवाऱ्यानं ६० चौरस फुटांना अर्धा ते पाऊण लिटर, सकाळी १० च्या आत. फेब्रुवारीअखेर ते मे या काळात दोन-तीन दिवसांनी एकदा लागेल. जून ते सप्टेंबर एक थेंबही नको. पाण्याच्या भांड्याखालची जागा यात धरू नका, ती नेहमीच ओली असते. भांडं विटेवर किंवा जाळीच्या चौकटीवर ठेवा आणि खालचं तूस दोन दिवसांनी बदला.

धूळ कमी व्हावी म्हणून वर चुना भुरभुरायची आपल्याकडे पद्धत आहे. बंद खोलीत तो टाळा. चुना विष्ठेतला अमोनिया झपाट्यानं बाहेर काढतो, आणि त्याची पूड माणसाच्या व पक्ष्याच्या श्वासनलिकेला झोंबते. ब्लीचिंग पावडर आणि विष्ठा तर कधीच एकत्र येऊ देऊ नका. क्लोरीन आणि अमोनियाच्या संयोगातून विषारी वायू तयार होतो, आणि १० बाय १२ च्या खोलीत तो जिवावर बेतू शकतो. अमोनिया तपासायचा तर सकाळी दार उघडल्या उघडल्या आत जा, तुसापासून फूटभर उंचीवर वाका आणि श्वास घ्या. कोंबडी त्या उंचीवर जगते. डोळे चुरचुरले तर तिच्यासाठी प्रमाण केव्हाच जास्त झालंय. पाच मिनिटं खोलीत थांबून मग वास घेतलात तर नाक सरावतं आणि फसवतं.

कोंबड्यांची मातीत लोळण घेणं बंद करू नका. उवा आणि पिसांतले बारीक किडे आटोक्यात राहायला त्याची मदत होते. फक्त ती जागा बदला. दोन बाय दीड फुटांचा, सव्वा फूट उंच कडांचा टब गच्चीवर ठेवा. त्यात चार-पाच इंच धुऊन वाळवलेली जाडसर नदीची वाळू घाला आणि आठवड्यातून तीन-चार वेळा तासभर, तुमच्या डोळ्यांसमोर, कोंबड्यांना तिथं सोडा. खोलीत चुलीची राख ठेवू नका, ती अतिशय बारीक असते आणि क्षारयुक्तही. बांधकामाची क्रश सँडही नको. तिच्यातल्या दगडाच्या पिठात सिलिका असते. शिरोलीच्या फौंड्रीत काम केलेल्या कुणालाही विचारा, सिलिकाची धूळ फुफ्फुसांचं काय करते ते सांगतील.

खाद्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. ९ कोंबड्या रोज किलोभर खातात. ते मॅश (दळलेलं, पिठासारखं खाद्य) किंवा घरचा मक्याचा भरडा असेल तर चोचीनं उडवलेलं पीठ थेट हवेत जातं. शक्य असेल तर क्रंबल (दाणेदार खाद्य) किंवा पेलेट (गोळ्यांचं खाद्य) घ्या. मॅशच वापरायचं असेल तर किलोमागे एक ते दोन चमचे गोडेतेल नीट चोळा, पीठ दाण्याला धरून राहतं. दोन-तीन दिवसांपुरतंच मिसळा, नाहीतर ते खवट होईल. भांडं एक तृतीयांशच भरा आणि त्याचा काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवा, म्हणजे तिला उकरता येत नाही.

इथवरचं थोडक्यात: रोज सकाळी ओली विष्ठा उचलणं, चाळलेलं तूस, मुठीच्या परीक्षेवर पाणी, आंघोळीचा टब गच्चीवर, पीठ कमी उडणारं खाद्य. याला पैसे थोडे लागतात आणि धुळीचा मोठा भाग इथंच थांबतो. यापुढे हवेची दिशा.

तुमच्या हॉलमध्ये धूळ येते कारण हवा पक्ष्यांच्या खोलीतून घराकडे वाहते. ती उलटी करायची. खोलीच्या बाहेरच्या भिंतीत, घराच्या दारापासून जितका लांब जमेल तितका, एक्झॉस्ट पंखा बसवा. तो हवा बाहेर फेकेल, खोलीतला दाब किंचित कमी होईल आणि दाराच्या फटीतून घरची हवा आत ओढली जाईल. हिशेब असा: १० बाय १२ आणि उंची १० फूट म्हणजे १,२०० घनफूट, सुमारे ३४ घनमीटर. तासाला दहा वेळा हवा बदलायची तर ३४० घनमीटर हवा लागते. जाळी आणि पिसांमुळे प्रत्यक्षात पंखा खोक्यावरच्या आकड्यापेक्षा कमी हवा ओढतो, म्हणून त्याच्या दुप्पट क्षमतेचा घ्या. ९ इंची चांगला पंखा यात बसतो. आत हवा यायला समोरच्या बाजूला एक ते दीड चौरस फूट उघडी जागा हवी. ती कोंबड्यांच्या डोक्यापेक्षा वर असावी, म्हणजे झोत थेट अंगावर येणार नाही. ही वाट ठेवली नाही तर पंखा नुसता घुमतो आणि मोटर तापते. ती गरजेपेक्षा मोठी ठेवली तर मात्र दाराच्या फटीतून ओढ राहत नाही. बसवल्यावर दाराच्या फटीशी टिशूची पातळ पट्टी धरा. ती खोलीकडे ओढली गेली पाहिजे. हॉलकडे वळली तर खिडकी थोडी लोटून घ्या आणि पुन्हा बघा. उदबत्तीचा धूर वापरू नका, तो त्याच खोलीत जाणार आणि पक्ष्यांची फुफ्फुसं धुराला फार नाजूक असतात.

दिशेचं एक ध्यानात ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा आणि झड पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येते. पश्चिमेच्या भिंतीतला पंखा त्या वाऱ्याशी झुंजत राहतो आणि पाणीही आत घेतो. पूर्व किंवा उत्तर बाजू बरी. दुसरा इलाज नसेल तर आपोआप मिटणाऱ्या पट्ट्यांचं झाकण आणि वर पत्र्याचं छज्जं करून घ्या. उद्यमनगरात कुठलाही फॅब्रिकेटर ते करून देईल. त्याच वेळी पंख्याच्या आतल्या बाजूला पंख्याच्या दुप्पट-अडीचपट क्षेत्रफळाची, काढता येणारी जाळीची चौकटही करून घ्या. ती पिसं आणि लव अडवते आणि दर आठवड्याला धुता येते. मोटरवर साचलेली लव पेट घेऊ शकते, म्हणून महिन्यातून एकदा वीज बंद करून पंखाही पुसा. पिल्लांसाठी उष्णतेचा बल्ब लावत असाल तर त्यावर बसणाऱ्या धुळीलाही हेच लागू. आणि पंख्याचं तोंड शेजाऱ्यांच्या खिडकीकडे नसावं. तुमची धूळ त्यांच्या घरात ढकलणं योग्य नाही.

कॉकाटील आणि बजी त्या खोलीतून आजच बाहेर काढा. कोंबड्यांची धूळ त्यांच्या श्वासमार्गाला सोसत नाही, आणि दोघांचे आजार एकमेकांकडे जाऊ शकतात. मात्र त्यांना आईंच्या खोलीत किंवा हॉलमध्ये ठेवू नका. हवेशीर गॅलरी किंवा वेगळी खोली बघा. कॉकाटीलला आठवड्यातून तीन-चार वेळा, ऊन असताना सकाळी ११ ते २ च्या दरम्यान, कोमट पाण्याचा बारीक फवारा वरून पावसासारखा द्या किंवा उथळ ताटलीत पाणी ठेवा. पूड हवेत जाण्याआधी पाण्याबरोबर खाली येते. पिंजऱ्याच्या ट्रेमधला कागद रोज बदला. राळे आणि बाजरीची फोलपटं उडू नयेत म्हणून खालचे सहा-आठ इंच तीन बाजूंनी ॲक्रिलिकनं झाका, वरचा भाग मोकळा ठेवा.

प्युरिफायरची जागा आता. तुमचं यंत्र वाईट नाही, ते चुकीच्या ठिकाणी ठेवलं होतं. कोंबड्यांच्या खोलीतली लव आधी त्याच्या पुढच्या जाळीवर बसली आणि तिनं वाटच अडवली. ते हॉलमध्ये किंवा कॉकाटीलच्या खोलीत हलवा. पुढची जाळी दर आठवड्याला साफ करा. मधला हेपा फिल्टर, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा, धुऊ नका, धुतल्यावर त्याचे तंतू निकामी होतात. यंत्राचा सीएडीआर आकडा, म्हणजे ते तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो आकडा, खोलीच्या घनमीटरच्या किमान सहापट असावा, म्हणजे ३४ घनमीटरला २०० च्या वर. ओझोन सोडणारं किंवा आयोनायझरचं बटण असेल तर ते कायम बंद ठेवा, ओझोन पक्ष्यांना मारक आहे. कार्बनचा थर अमोनिया फार काळ धरत नाही, त्यामुळे वासासाठी प्युरिफायरवर विसंबू नका.

आठवड्याच्या सफाईचा क्रम महत्त्वाचा आहे. एन-९५ मास्क आधी, नाकाच्या पट्टीशी नीट दाबून. तोंडाला बांधलेला रुमाल या कणांना अडवत नाही. वेगळा ॲप्रन आणि वेगळी चप्पल. एक्झॉस्ट चालू, घराकडचं दार बंद. तुसावर हलका फवारा मारून दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग गठ्ठे उचला. त्यानंतर वरून खाली पुसत या: झरोक्याची कड, वायरी, दाराची चौकट, शेवटी फरशी. दोन बादल्या ठेवा, एक पिळायला आणि एक स्वच्छ पाण्याची. साध्या व्हॅक्यूम क्लीनरनं बारीक धूळ मागून पुन्हा खोलीतच येते, तो वापरायचा तर हेपावालाच. काम झाल्यावर पंखा अर्धा तास चालू ठेवा आणि तोवर दार उघडू नका. तासाला दहा वेळा हवा बदलत असेल तर तेवढ्या वेळात तरंगणारा जवळजवळ सगळा माल बाहेर जातो. खोलीत पडदे, गोणपाट, जुनी पोती काही ठेवू नका. पावसाची झड अडवायला गोणपाटाऐवजी ताडपत्री लावा, ती धुता येते.

पावसाळ्यात धूळ कमी दिसेल, पण खिडक्या बंद राहतात आणि बुरशी व अमोनिया वाढतो, म्हणून पंखा तेव्हाही चालूच हवा. तुसाचे ओले गठ्ठे रोज काढा. पुढे दिवस लहान होऊ लागले की, साधारण दसरा-दिवाळीच्या सुमाराला, कोंबड्या पिसं टाकतात. त्या दीड-दोन महिन्यांत धूळ एकदम वाढेल, त्यानं घाबरू नका, फक्त पुसणं एक दिवसाआड करा. या धुळीतून पक्ष्यांचे आजारही पसरतात. मॅरेक्स या कोंबड्यांच्या रोगाचा विषाणू पिसांच्या मुळातून कोंड्याबरोबर बाहेर पडतो आणि धुळीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो. नवी पिल्लं घ्यायची तर हॅचरीत पहिल्याच दिवशी मॅरेक्सची लस दिलेली घ्या. कोंबड्या शिंकत असतील, घरघर येत असेल किंवा चोच उघडी ठेवून श्वास घेत असतील तर सगळा दोष धुळीवर टाकू नका, पशुवैद्यकांना दाखवा.

फरक पडतोय की नाही हे डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नका. पॉलिश केलेल्या काळ्या कडप्प्याचे फूटभराचे दोन तुकडे आणा. एक हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवा, दुसरा पक्ष्यांच्या दाराबाहेर. दर रविवारी सकाळी स्वच्छ पुसा आणि सोमवारी सकाळी त्याच उजेडात फोटो काढा. काही बदलण्याआधीचा एक फोटो नक्की घ्या. फळी, तूस आणि पंखा झाल्यावर चार आठवड्यांत हॉलमधला तुकडा जवळजवळ स्वच्छ दिसायला हवा. दाराबाहेरचाच पांढरा होत असेल तर हवेची दिशा पुन्हा तपासा. दोन्ही पांढरे होत असतील, किंवा खोलीला बाहेरची वाटच नसेल, तर कोंबड्या गच्चीवर न्या. ९ कोंबड्यांना ४० चौरस फुटांचं खुराडं पुरतं. बाजूंना अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा, कारण साध्या षटकोनी जाळीतून मुंगूस वाट काढतं. खालच्या कडेला जाळी फूटभर आडवी वळवून तिच्यावर फरशा ठेवा, दाराला दोन कड्या लावा, वर पत्रा आणि पश्चिमेला ताडपत्री.